मी बेवडा नाही, ताई

ताई, नमस्कार.

माझं वय ४१. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात डिस्पॅच बघतो. राहायला जुळे सोलापूर. बायको, दोन मुलं, मोठी नववीत. बुधवारी आणि शनिवारी आम्ही चौघं मित्र कामावरून परस्पर तुळजापूर रोडला एका ढाब्यावर बसतो. मी एक क्वार्टर घेतो. शनिवारी कधी कधी वर एक स्ट्राँग बिअर होते. जेवतो, साडेअकराला उठतो आणि मोटारसायकलवर घरी येतो. पंधरा वर्षं असंच चाललंय. घरात कधी आवाज चढवला नाही, पगार सगळा घरी देतो. श्रावणात महिनाभर थेंब घेत नाही आणि त्याचा त्रासही होत नाही.

गेल्या महिन्यात एका शनिवारी सात रस्त्याच्या अलीकडं डिवायडरला घासलो. आरसा फुटला, फूटरेस्ट वाकलं, कोपर सोललं. तुळजापूर नाक्यापासून तिथपर्यंत कसा आलो ते सकाळी काही केल्या आठवेना. रविवारी साडेसहाला पोरीला क्लासला सोडायला निघालो. पुढच्या चौकात ती उतरली आणि म्हणाली, ‘पप्पा, वास येतोय. मी रिक्षानं जाते.’ तेव्हापासून ती माझ्या गाडीवर बसत नाही. बायको म्हणते, ‘मुक्तांगणला टाकते तुम्हाला.’ मित्र म्हणतात, ‘तुझं काय बे, एवढं तर सगळेच घेतात.’ पोलिसांत ओळख आहे, पण तिचा उपयोग करायची वेळ कधी आली नाही. ताई, मी बेवडा नाही. मग माझं नेमकं चुकतं कुठं?

— अण्णा (मित्र याच नावानं हाक मारतात), जुळे सोलापूर


अण्णा,

नाही, तुम्ही बेवडे नाही. तुमचं मन राखायला म्हणत नाही. श्रावणभर थेंब न घेता ज्याचे हात थरथरत नाहीत, घाम फुटत नाही, झोप उडत नाही, त्याचं शरीर दारूवर अडून बसलेलं नसण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा तो वाद इथंच मिटवू. पंधरा वर्षं तुम्ही स्वतःला हा एकच प्रश्न विचारत आलात, उत्तर ‘नाही’ आलं की गाडी सुरू करत आलात. दुसरा प्रश्न विचारायचं राहूनच गेलं.

मी बारा वर्षं एका रुग्णालयाच्या अपघात विभागात समुपदेशक होते. रात्री गाडीवरून पडून आलेल्या माणसाच्या खाटेशी सकाळी स्टूल ओढून बसायचं, हे माझं काम. उठल्याउठल्या घोट लागणारे, घरदार विकून बसलेले असे त्यांत थोडे असत. बाकीचे तुमच्यासारखे. नोकरी धड, संसार धड, आठवड्यातून दोनदा बसणारे. ज्याला आपण बेवडा म्हणतो त्याच्याकडं बऱ्याचदा गाडीच उरलेली नसते.

आता हिशोब करू. तुम्ही डिस्पॅच बघता, आकड्यांना भिणारे नाही.

३० मिलिचा एक पेग, रम असो की व्हिस्की, त्यात साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. क्वार्टर म्हणजे १८० मिलि, म्हणजे सहा पेग, ६० ग्रॅम. आणि शनिवारची ती ‘वर एक’ बिअर? ६५० मिलिची स्ट्राँग बाटली आठ टक्क्यांची धरली तर तिच्यात ४० ग्रॅम, म्हणजे आणखी चार पेग. तुम्ही ती जेवणानंतरच्या बडीशेपेसारखी लिहिली आहे. अशा शनिवारी तुम्ही दहा पेग घेता, अण्णा.

यकृत हे सगळं आपल्या चालीनं निपटतं, तासाला जेमतेम एक पेग. लिंबू पिळा, ताक प्या, कडक कॉफी घ्या, डोक्यावर बादली ओता, पानपट्टीवर जाऊन मसाला पान खा. ती चाल वाढत नाही. पानानं वास झाकतो, रक्तातलं तिथंच राहतं.

कायद्यानं मर्यादा ठरवली आहे ती १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम. तुमचं वजन ७० किलो धरते, साडेआठला सुरुवात आणि साडेअकराला शेवट. नुसती क्वार्टर घेतलीत तर ढाब्यावरून उठताना रक्तात अंदाजे ८० मिलिग्रॅम. मर्यादेच्या खाली यायला पहाटेचे तीन वाजतात. बिअर धरली तर उठताना १७० च्या घरात. आणि सकाळी साडेसहाला, झोपून, दात घासून, चहा पिऊन झाल्यावरही ६० च्या वर. म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. जेवण, वजन, शरीराची ठेवण यांनी आकडा इकडंतिकडं होईल, पण सकाळी तुम्ही मर्यादेच्या खाली होता असं धरून चालता येणार नाही. पोरीनं ‘वास येतोय’ म्हटलं तेव्हा तुम्हाला वाटलं असेल, रात्रीचा शिळा वास, पोरगी उगाच नाक मुरडते. तिच्या नाकानं जे मोजलं ते बहुधा पोलिसांच्या यंत्रानंही दाखवलं असतं. नववीतल्या मुलीला घेऊन तुम्ही दारूच्या अमलाखाली गाडी चालवत होता आणि तुम्हाला त्याचा पत्ता नव्हता. मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त टोचलं ते हे.

दुसरं म्हणजे ते ‘आठवेना’. एका ओळीत उरकलंय तुम्ही. नाका ते सात रस्ता हे काही चार पावलांचं अंतर नाही. वाटेत सिग्नल लागले असतील, कुणी रस्ता ओलांडला असेल, कुत्रं आडवं आलं असेल. तुम्ही जागे होता, गिअर टाकत होता, वळत होता, पण मेंदूनं त्यातलं काहीच नोंदवून ठेवलं नाही. जास्त दारू भराभर पोटात गेली की असं होतं. विसरभोळेपणा वेगळा. इथं विसरायला मुळात काही नोंदलंच गेलं नव्हतं. अशा वेळी गाडीखाली कुणी आलं असतं तरी सकाळी तुम्ही हेच लिहिलं असतं, काही आठवेना.

‘मला चढत नाही’ असं पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण ढाब्यावर म्हणत असणार, सगळेच म्हणतात. पंधरा वर्षांच्या सरावानं जीभ अडखळत नाही, पाय लटपटत नाहीत. तोल सांभाळायला माणूस शिकतो. ब्रेक दाबायला लागणारा वेळ, अंतराचा अंदाज, समोरच्या हेडलाइटनं दिपलेले डोळे सावरायला लागणारा वेळ, यांना सराव नसतो. आणि दारू सगळ्यात आधी बिघडवते ती ‘आत्ता गाडी चालवू का नको’ हे ठरवणारी अक्कल. साडेअकराला तुम्ही स्वतःला विचारता, जमेल ना? उत्तर देणारा तोवर सहा, नाहीतर दहा पेग प्यालेला असतो.

ऊसतोडीचा हंगामही लक्षात घ्या. आपल्या जिल्ह्यात रात्री रस्त्यावर काय असतं ते तुम्हाला मी काय सांगायचं! ट्रॅक्टरमागं दोन दोन उसाच्या ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही अंगांनी हातभर बाहेर आलेला, आणि पुढं डेकवर गाणी. शुद्धीतल्या माणसालाही ती ट्रॉली दिसते तेव्हा ऊस तोंडाशी आलेला असतो. वॉर्डात माझ्याकडं एक तरुण होता, यंत्रमागावर काम करणारा. तो अशाच ट्रॉलीला मागून धडकला होता. पायाला वजन लावून लटकवलेलं, गालात उसाच्या पाचटाच्या बारीक चिरा. पहिल्या दिवशी तो फक्त ट्रॅक्टरवाल्याला शिव्या देत होता. बरोबरच होतं त्याचं, ट्रॅक्टरवाल्याची चूक होतीच.

मी त्याला दारू सोड म्हटलं नाही. विचारलं, ‘पिऊन गाडी न चालवणं तुला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहात सांग.’ तो म्हणाला, ‘चार.’ यावर नातेवाईक काय म्हणतात? ‘चारच? लाज वाटत नाही?’ मी विचारलं, ‘एक का नाही? चार का?’ तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘मागं धाकटा भाऊ बसणार होता. ऐन वेळी त्याला फोन आला म्हणून उतरला.’ त्यानंतर मला फारसं काही बोलावं लागलं नाही, तोच बोलत राहिला.

याला संक्षिप्त समुपदेशन म्हणतात. नाव मोठं आहे, काम पाच मिनिटांपासून अर्ध्या तासाचं. माणसाला त्याचे आकडे समोर ठेवून दाखवायचे, निर्णय त्याचाच आहे हे कबूल करायचं, दोनचार वाटा सुचवायच्या, आणि त्याला जमेल असं आपल्याला खरोखर वाटतंय हे कळू द्यायचं. ओरडायचं नाही. ओरडलं की माणूस स्वतःची बाजू मांडायला लागतो, आणि मांडता मांडता त्याला ती पटायला लागते. घराघरांत तेच होतं.

इतक्या थोड्या बोलण्यानं काय होणार, असं मलाही सुरुवातीला वाटायचं. पण हे तपासून पाहिलेलं आहे. अमेरिकेत सिएटलच्या एका मोठ्या अपघात रुग्णालयातला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. जखमी होऊन आलेल्या पिणाऱ्यांपैकी काहींशी एकदाच, अर्धा तास बोलले आणि महिन्याभरानं घरी एक पत्र पाठवलं. वर्षानंतर त्यांचं पिणं बरंच उतरलेलं होतं, पुन्हा जखमी होऊन येण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. सगळ्यात जास्त फरक पडला तो मधल्या लोकांत, फार बिघडलेल्यांत नाही. २००६ साली अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका अभ्यासात असं बोलणं झालेले लोक पुढच्या तीन वर्षांत पिऊन गाडी चालवताना पकडले जाण्याचं प्रमाणही इतरांच्या जवळपास निम्मं निघालं. अमेरिका लांब वाटत असेल तर गोवा घ्या. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगात’ या संस्थेनं डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांकडून असं समुपदेशन करून घेतलं, जास्तीत जास्त चार भेटी. तीन महिन्यांनी धोक्याच्या पिण्यातून बाहेर आलेले ३६ टक्के होते. ज्यांना केंद्रातली नेहमीचीच सेवा मिळाली त्यांच्यात २६ टक्के. जादू नाही. शंभरातले दहा जण जास्त. पण दहा घरं आहेत ती.

तर अण्णा, तुमचा आकडा किती? मी अंदाज करते, पाच असेल. तीन का नाही? कारण तुम्ही मला पत्र लिहिलंत. कोपर सोललं म्हणून लिहिलं नाहीत, कोपर तर आठवड्यात बरं झालं असेल. पोरगी रिक्षानं जाते म्हणून लिहिलंत.

आता काय करायचं ते. यात एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगेन, कंटाळा आला तरी ऐका. ‘कमी प्यायचं’ आणि ‘पिऊन गाडी चालवायची नाही’ हे दोन वेगळे निर्णय आहेत. लोक त्यांची मोट बांधतात. ‘आजपासून फक्त नव्वदच घेणार, मग गाडीचा प्रश्नच नाही.’ नव्वद म्हणजे तीन पेग. तेवढ्यावरही लगेच उठलात तर मर्यादा ओलांडलेली असू शकते. आणि नव्वदचं पुढं काय होतं ते आपण जाणतो, चौथा मित्र उशिरा येतो, त्याच्यासाठी पुन्हा मागवतात. पहिला निर्णय मोडणार, माणूस आहे. दुसरा त्याच्यावर टेकवून ठेवलात तर तोही पडणार. म्हणून दुसरा निर्णय ढाब्यावर घ्यायचाच नाही. तो संध्याकाळी सातला, डोकं जाग्यावर असताना, घरात घ्यायचा.

म्हणजे कारखान्यातून परस्पर ढाब्यावर जाणं बंद. आधी घरी यायचं, गाडी लावायची, चावी खिळ्याला अडकवायची, हातपाय धुऊन दोन घास खायचे, मग निघायचं. तुमच्या सगळ्या गडबडीचं मूळ त्या ‘परस्पर’मध्ये आहे. गाडी ढाब्याच्या अंगणात उभी असते, म्हणून ती चालवावी लागते. नसेल तर प्रश्न येत नाही.

मग जायचं कसं, यायचं कसं? रात्री साडेअकराला तुळजापूर रोडला रिक्षा मिळत नाही, हे मलाही ठाऊक आहे. तुम्ही चौघं आहात. एकाकडं तरी चारचाकी असेल. पाळी लावा. एकानं त्या दिवशी कोरडं राहायचं आणि बाकीच्यांना घरी पोचवायचं. आठवड्याला दोन बैठका, म्हणजे दर माणसाला दोन आठवड्यांतून एकदा पाळी. त्या दिवशीची त्याची मटणाची थाळी बाकी तिघांनी भरायची. आणि कोरडं म्हणजे कोरडं. ‘आज गाडी माझ्याकडं आहे म्हणून मी नुसती बिअर घेतो’ असं म्हणणारा प्रत्येक कंपूत एक असतो. तो कोरडा नव्हे.

हे जमत नसेल तर बैठक हलवा. जुळे सोलापुरात कुणाची तरी गच्ची असेलच, जिथून चालत घर गाठता येतं. शेंगा चटणी, कडक भाकरी, कांदा, झालं. ढाब्यावर जाण्यात मजा आहे, मान्य, ती मोकळी हवा गच्चीवर येत नाही. पण तुम्ही तिथं हवेसाठी जाता की मित्रांसाठी? ढाब्याबद्दल एक आठवलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ च्या डिसेंबरात महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारूदुकानं बंद करायला सांगितली, पुढच्या वर्षी शहराच्या हद्दीपुरती ती अट सैल झाली. त्या काळात आपल्याकडं लोकांनी काय केलं? दुकानं हलली तर गावातून पिशवीत बाटल्या नेऊ लागले. आदेशानं दुकान लांब गेलं. माणूस गाडीवरच राहिला.

आणि एखाद्या दिवशी सगळं ठरवूनही फसलं, गाडी तिथं आहे आणि तुम्ही प्यायलात, तर? तर गाडी तिथंच राहील. ढाबेवाल्याला आजच, शुद्धीत, विचारून ठेवा की रात्री गाडी आत घेशील का. मेहुण्याचा, भावाचा, ज्याला रात्री उठवलं तरी तो चिडणार नाही अशा एकाचा नंबर ठरवून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळीही गाडीला हात नाही. क्वार्टर आणि बिअर झाली असेल तर दुपारी बारापर्यंत नाही. रविवारचा क्लास सकाळी साडेसहाचा आहे, तेव्हा शनिवारचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. मी सांगत बसत नाही.

मित्र बोलतील. ‘काय बे, वहिनीला भ्यालास काय?’ याला उत्तर तयार ठेवा, तिथं ऐन वेळी सुचत नाही. माझ्याकडचं एक देते: ‘सकाळी पोरीला सोडायचंय बे.’ एवढंच. पुढं स्पष्टीकरण द्यायला गेलात की हरलात. तीन-चारदा ऐकल्यावर बोलणं थांबतं. बहुतेक वेळा त्यातला एखादा हळूच म्हणतो, माझीपण गाडी नको आणायला. प्रत्येकाच्या मनात असतं, पहिल्यांदा बोलायचं कुणी एवढंच.

ते किती कठीण असतं ते मला माहीत आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही नातेवाईक मंडळी मंगळवेढ्याकडं हुरडा खायला गेलो होतो. परत येताना जीप चालवणारा चुलतभाऊ प्यायलेला होता. जीपमध्ये आठ माणसं, दोन लहान मुलं. सगळ्यांना वास येत होता. कुणी खिडकी उघडली, कुणी देवाचं नाव घेतलं, तोंड एकानंही उघडलं नाही. मी, वॉर्डात रोज लोकांना हेच सांगणारी मी, मागच्या सीटवर मूग गिळून बसले. त्याला वाईट वाटेल म्हणून. सुखरूप पोचलो, आणि मला दोन दिवस स्वतःची लाज वाटत राहिली. तुमची पोर चौकात उतरली. मला जे पन्नाशीत जमलं नाही ते तिला नववीत जमलं.

कायदा थोडक्यात सांगते. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. कलम १८८ प्रमाणे या गुन्ह्याला चिथावणी देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. ‘जातो रे तो नीट, काही होत नाही’ म्हणून चावी हातात देणाऱ्या मित्रांना हे वाचून दाखवा. अपघातात गाडीचं जे नुकसान होतं त्याचा दावा, तुम्ही प्यायलेले होता हे निघालं की विमा कंपनी नाकारते. राहिली तुमची पोलिसांतली ओळख. उसाच्या ट्रॉलीशी तुमची ओळख नाही.

वहिनींसाठी दोन शब्द, त्या हे वाचतीलच. वहिनी, ते रात्री आल्यावर काही बोलू नका. त्या वेळी बोललेलं सकाळी त्यांना आठवतच नाही आणि तुमची मात्र रात्र जाते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, चहा झाल्यावर, ‘मला भीती वाटते’ एवढं सांगा. ‘तुम्ही असे आहात’ हे नको. आणि मुक्तांगणची धमकी देऊ नका. पुण्यातलं ते केंद्र १९८६ पासून व्यसनात खोल अडकलेल्या हजारो लोकांच्या उपयोगी पडलं आहे. आपण त्याचं नाव शिवीसारखं वापरलं, तर उद्या खरंच गरज पडेल तेव्हा माणूस तिथं जायला शरमेल. चावी ठेवायचं काम तुम्ही अंगावर घेऊ नका, आणि मुलीला तर मुळीच देऊ नका. बापाची राखणदार होणं हे चौदा वर्षांच्या मुलीचं काम नाही. खिळा पुरे.

अण्णा, मुलीला काही समजावायला जाऊ नका. ‘बघ, पप्पांनी सोडलं’ असं महिन्याभरात सांगाल आणि एका शनिवारी तोंडघशी पडाल. ती रिक्षानं जाते, जाऊ द्या. रिक्षाचे पैसे तुम्ही द्या.

शेवटचं. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक चाचणी आहे, मागच्या वर्षभराच्या पिण्यावर. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण ४०. तुमच्या पत्रावरून मी सहा प्रश्न भरले. आठवड्यातून दोनदा पिणं, ३. एका वेळी सहा पेग, २ (बिअरची बेरीज धरली नाही, सवलत दिली). सहा किंवा जास्त पेग एका बैठकीत दर आठवड्याला, ३. आदल्या रात्रीचं न आठवणं, १. पिण्यामुळं इजा, ४. घरच्यांनी काळजी बोलून दाखवणं, ४. झाले १७. आठपासून धोका सुरू होतो. सोळा ते एकोणीस म्हणजे समुपदेशन घ्या आणि लक्ष ठेवा. वीस आणि वर म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांकडं जा.

चार प्रश्न राहिले, त्यांची उत्तरं पत्रात नाहीत. गेल्या वर्षात सुरू केल्यावर थांबता आलं नाही असं किती वेळा झालं? पिण्यामुळं ठरलेलं काम राहिलं असं किती वेळा? सकाळी उठल्यावर सावरायला घोट लागला असं किती वेळा? पिऊन झाल्यावर मनाला खात राहिलं असं किती वेळा? कधीच नाही ०, महिन्यातून एकदापेक्षा कमी १, महिन्याला २, आठवड्याला ३, रोज किंवा जवळपास रोज ४. एकटे असताना, पेन घेऊन भरा. वीसला तीनच कमी आहेत.

बेरीज विसाच्या आत राहिली तर वर सांगितलेलं महिनाभर करा आणि चारही शनिवारी गाडी कुठं होती तेवढं मला कळवा. वीस किंवा वर गेली तर मला लिहू नका. सिव्हिलच्या मनोविकार विभागात जा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलतात. आणि हे वाचणाऱ्या ज्या कुणाला सकाळी हात थरथरल्याशिवाय राहत नाहीत, त्यांनी अण्णांच्या श्रावणाचं बघून आज रात्रीपासून एकदम बंद करू नये. तशा शरीरात अचानक थांबल्यानं फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग बंद.